बर्लिनच्या ताईंना, चार मिनिटांच्या हिशेबाबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

पाकीट परवा मिळालं. फोनवर ‘पोचलं, थँक्यू’ एवढंच बोललो आणि ठेवून दिला, कारण पुढचं बोलता येईना. पन्नाशी उलटलेला माणूस एका डीव्हीडीपायी फोनवर रडायला लागला तर तुम्हाला काय वाटलं असतं! म्हणून हे पत्र. आणि ते असं जाहीर लिहितोय, कारण इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी मला वाटेला लावलं त्यांनीही ते वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एका जुन्या सिनेमासाठी एवढं काय, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. मी तेव्हा ‘असंच’ म्हणून टाळलं. आता सांगतो. ‘घाशीराम कोतवाल’ हे विजय तेंडुलकरांचं नाटक पुण्याचं. १९७२च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं, गदारोळ झाला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, मग त्याच मंडळींनी थिएटर अकॅडमी काढून ते परदेशापर्यंत नेलं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण १९७६ साली त्यावर सिनेमाही झाला असं सांगितलं, की खुद्द पुण्यातली माणसं ‘काहीतरीच काय’ म्हणून बघतात. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली पोरं, ‘युक्त’ ही त्यांची सहकारी संस्था, पटकथा तेंडुलकरांचीच, आणि दिग्दर्शक म्हणून एक सोडून चार नावं: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. नाना फडणवीस अर्थातच मोहन आगाशे. आणि घाशीराम कोण, तर ओम पुरी! ‘अर्धसत्य’च्या सात वर्षं आधी, अगदी सुरुवातीच्या दिवसांत.

असा सिनेमा घरात असावा असं वाटण्यात काय चुकलं?

२००७ साली मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली तेव्हा आम्ही संग्राहक पिशव्या भरभरून आणायचो. वाटायचं, आता काय, सगळंच निघणार. मी याद्या करून ठेवल्या होत्या. सत्यदेव दुब्यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, पटवर्धन दांपत्याचा ‘२२ जून १८९७’, आणि सगळ्यात वर ‘घाशीराम’. ती यादी घेऊन मी डिस्क काढणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला भेटलोही. त्याने यादी न बघताच परत केली. ‘याला गिऱ्हाईक नाही हो. तुमच्यासारखे पाच जण.’ पाच जणांत धरलं हा त्यातल्या त्यात मान.

मग एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे म्हणे व्हीएचएसवर होता. दोन वर्षं त्यांच्या घरचे जिने चढलो, दर खेपेला पेढे नेले. शेवटी कॅसेट हातात आली तेव्हा ती बुरशीने पांढरी झालेली. साफ करून लावली, तर निघालं नाटकाचं रेकॉर्डिंग, तेही अर्धवट. ‘हेच ना तुम्हाला हवं होतं?’ असं वर विचारलं त्यांनी.

पुढे कळलं की सिनेमाची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत टिकून राहिली, तिथेच ती डिजिटाइझ झाली आणि डीव्हीडी निघाली. गोष्ट शनिवारवाड्याची, पोरं पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, आणि डिस्क मिळणार जर्मनीत! माझा भाचाच तिकडे. सलग तीन वर्षं आला, तिन्ही वेळा चॉकलेटं आणली. डिस्कचं काय, तर ‘मामा, बॅगेचं वजन होत होतं.’ डबीसकट जेमतेम शंभर ग्रॅम असते हो ती.

आणि मग तुम्ही. माझ्या मित्राच्या वहिनीची मैत्रीण, एवढीच ओळख. तोंड पाहिलेलं नाही. पैसे विचारले तर मेतकूट मागितलंत. तुम्ही कुठून मिळवलीत, किती चकरा मारल्यात, ते विचारत नाही, तुम्ही सांगणारही नाही. मला बोलायचंय ते डबीतल्या चिठ्ठीबद्दल.

‘पहिल्यापासून लावून पाहिली. कुठेही अडकत नाही. मध्ये चहा करायला उठले होते, ४७ ते ५१ मिनिटं पाहिलेली नाहीत. तेवढी तुम्ही तपासा.’

ताई, या धंद्यात डिस्क कोणी तपासून देत नाही. ‘एकदम ओके आहे’ म्हणतात आणि दुसऱ्या डिस्कवर ऐन शेवटाला हिरोचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटतं. मग टूथपेस्ट लावून पुसा, बल्बसमोर धरून ओरखडे मोजा. तुम्ही फोनवर म्हणाला होतात की असले सिनेमे बघताना झोप येते. तरी दिवसभराचं काम आटोपून, ज्याच्याशी देणंघेणं नाही अशा माणसासाठी, न आवडणारा सिनेमा लावून बसलात. आणि जी चार मिनिटं पाहिली नाहीत त्यांचाही हिशेब लिहून दिलात. कोणाला कळलं असतं?

आम्हा संग्राहकांत हे नाही, आणि यात मीही आलो. आम्ही एकमेकांना डिस्क दाखवतो, हातात देत नाही. कुठून मिळाली ते तर मेलो तरी सांगत नाही. सिनेमा वाचला पाहिजे म्हणून सभा घेतो आणि घरी जाऊन कपाटाला कुलूप लावतो. सिनेमा वाचतो तो या छंदाशी संबंध नसलेल्या साध्या माणसांमुळे, असं मला हल्ली वाटायला लागलंय. कुठल्या तरी कपाटात कोणीतरी डबा नीट ठेवतं, त्यावर नाव नीट लिहितं, कोणीतरी विचारलं तर ‘आहे’ म्हणतं. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८चा, थिएटरात लागला २०१४ साली. मधली सव्वीस वर्षं तो अशाच कोणाकोणाच्या हातांतून फिरत राहिला, खराब कॉपीवरून खराब कॉपी. म्हणून यादीतली बाकीची नावंही मी अजून खोडलेली नाहीत.

तुमची डिस्क मी आधी सुरुवातीपासून लावलीच नाही. थेट ४७वं मिनिट. श्वास रोखून चारही मिनिटं पाहिली. अडकली नाही. मग मागे जाऊन पहिल्यापासून पाहिला, आणि रात्री पुन्हा एकदा.

दिवाळीत पुण्याला येणार म्हणालात. मेतकूट दळून तयार असेल. घरी या, ४७व्या मिनिटापासून लावतो. चहा या वेळी मी करीन, तुम्ही उठायचं नाही.