इलेक्ट्रॉनांचं चक्रवाढ व्याज

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ताऱ्यांच्या स्फोटांवरचा लेख आवडला. फक्त ‘स्फोटाने इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फेकले जातात’ हे वाक्य खटकलं. तोफेचा एक दणका आणि काम संपलं, असं त्यातून वाटतं. इ.स. १००६ मध्ये वृक तारकासमूहात दिसलेल्या स्फोटाचे अवशेष तर हजार वर्षांनंतरही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा चढवत आहेत.

माझी हयात बँकेत व्याज लावण्यात गेली, म्हणून असेल, मला यात चक्रवाढ दिसते. स्फोटाची आघातलाट, म्हणजे वायूला अचानक दाबत पुढे जाणारी लाट, सेकंदाला सुमारे ५,००० किलोमीटर वेगाने आजूबाजूच्या विरळ वायूत घुसते. लाटेच्या दोन्ही अंगांना चुंबकीय क्षेत्राचे वेडेवाकडे पीळ असतात. इलेक्ट्रॉन लाट ओलांडतो, पलीकडच्या पिळांत सापडून माघारी वळतो, पुन्हा ओलांडतो. दोन्हीकडचे पीळ एकमेकांकडे सरकत असल्याने दर येरझारीला ऊर्जा वाढते, शेकडा पावणेदोनच्या आसपास. दर अगदीच भिकार! पण तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून पासबुकाच्या मागच्या पानावर आकडेमोड केली, तर साधारण १४० येरझारांत मुद्दल दसपट.

जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी दर फेरीला खाती बंदही होतात. म्हणजे तेवढे कण लाटेमागे वाहून जातात, परत येत नाहीत. म्हणून दसपटीपर्यंत दहातला एकच पोचतो. वैश्विक किरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांत, जास्त ऊर्जेचे कण विरळ का, हे बरंचसं इथेच कळतं. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांची, १९४९ ची. आघातलाटेचं गणित १९७७-७८ मध्ये वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं.

टीडीएस इथेही चुकत नाही. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना इलेक्ट्रॉन प्रारण सोडतो, म्हणजे किरणांच्या रूपात ऊर्जा गमावतो. ऊर्जा दुप्पट, तर कपात चौपट. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांतून १००६ च्या अवशेषाच्या कडांवर हीच कपात क्ष-किरणांच्या रूपात ओळखता आली. त्यावरून तिथले इलेक्ट्रॉन १०० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) घरात जातात असं दिसलं. जिनिव्हाच्या भुयारातल्या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात (लार्ज हॅड्रॉन कोलायडर) प्रोटॉनची मजल याच एककात ६.८ पर्यंत!

खरी गंमत किमान शिल्लकीची. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १,८३६ पट हलका, त्यामुळे सुरुवातीला त्याची गिरकी लाटेच्या जाडीपुढे फारच लहान, लाट ओलांडायला अपुरी. येरझारा सुरू करायलाच आधी बरीच ऊर्जा गाठीशी हवी. खातं उघडायची ही रक्कम त्याला कोण देतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पुढच्या रविवारी लेखकांकडून यावरच लिहून घ्याल का?

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (प.)