मोठ्या वयाचा कामगार कसा शिकतो, याचा अभ्यास बेळगावात होऊ द्या

प्रति,
मा. कौशल्य विकास, उद्योजकता व उपजीविका मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय,

सविनय नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कामगारांना शिकवणारा मी एक प्रशिक्षक. आपल्याकडे मागणी एकच आहे. प्रशिक्षणावरच्या खर्चातला थोडा वाटा, शंभरातले दोन रुपये म्हणा, मोठ्या वयाचा कामगार नवं काम कसा शिकतो याच्या संशोधनासाठी बाजूला काढा. आणि ते संशोधन इथे, बेळगाव-खानापूर-निपाणीत, इथल्या माणसांना सोबत घेऊन होऊ द्या.

२०२२ साली राज्यातल्या १५० सरकारी आयटीआयचं रूप पालटलं, नवी यंत्रं आली, ते चांगलंच झालं. राज्याच्या युवानिधी योजनेतून बेरोजगार पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० रुपये मिळतात, त्यालाही माझी ना नाही. पण हे सगळं नुकतीच शाळा-कॉलेजं सुटलेल्या पोरांसाठी आहे. ज्याची शाळा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटली आणि ज्याच्या हातातलं काम आता बदलतंय, त्याच्याकडे कोण बघणार?

फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वाळूचे साचे बनवणारा मुरलेला मोल्डर वाळू मुठीत दाबतो, तो गोळा मोडतो आणि मोडलेल्या कडेकडे बघून ओल किती आहे ते सांगतो. ओल जास्त झाली तर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (वाफेची पोकळी) पडणार, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारनं केली आहे ती याच माणसासाठी. पण परीक्षेला चार पर्यायांचा प्रश्न समोर आला की हाच माणूस गप्प होतो. माझ्याकडचा एक जण म्हणाला, "मास्तर, हाताला सगळं येतंय की. हे काय विचारलंय तेच कळंना." तो नापास झाला, आणि पुन्हा परीक्षेला बसायला तयार नाही. अडचण प्रश्नाच्या भाषेची होती, कागदावरून विचारण्याच्या पद्धतीची होती, की आठ तास भट्टीजवळ उभं राहून आल्यावर परीक्षा द्यायची म्हणून होती? मला माझा अंदाज आहे. पण शिक्षकाच्या अंदाजावर सरकारी योजना आखल्या जाऊ नयेत. त्यासाठी तपासून बघावं लागतं: एका गटाची परीक्षा मराठीत, एकाची कन्नडमध्ये, एकाची थेट वाळूच्या ढिगाजवळ, आणि मग वर्षभरानं त्यांच्या मजुरीत काय फरक पडला ते मोजायचं.

याची घाई अशासाठी की काळ थांबलेला नाही. बेळगावच्या अनेक फौंड्र्या आणि मशिन शॉप वाहनांच्या सुट्या भागांवर जगतात. विजेवरच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, क्रँकशाफ्ट लागत नाही. दुसरीकडे बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, तिथे सगळा हिशेब मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. उद्यमबागेतल्या चाळिशी ओलांडलेल्या टर्नरला तिथवर पोचायला काय शिकावं लागेल, किती महिने लागतील, त्या महिन्यांत ओव्हरटाइम बुडाला तर घरभाडं कुठून येईल? कारखानदार मला हे विचारतात. ठाम उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ज्यांना विचारलं त्यांच्याकडेही नव्हतं.

निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांना पर्याय म्हणून कुणीतरी शिवणकामाचा वर्ग सुचवतं. हजार बिड्यांच्या दरावर घर चालवणाऱ्या बाईला तो परवडतो का, तिच्या बोटांतलं कसब आणखी कुठे कामाला येईल, हे आधी तिलाच विचारायला हवं. शहापूर-वडगावात मागासाठी कांड्या भरणाऱ्या बायकांचंही तेच.

आमच्या भागाची आणखी एक गोष्ट बेंगळुरातून सहसा दिसत नाही. निपाणीचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, खानापूरचा गोव्याला. राज्याची हद्द संपली की त्याचा माग सुटतो, आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कळायचा रस्ताच बंद होतो. म्हणून हा अभ्यास एकट्या कर्नाटकानं करून भागणार नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, पलीकडे कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. हद्दीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, तो तिथे चालेल. कामगाराची नोंद ठेवायला त्याच्या निकालाची वाट बघायचं कारण नाही.

भाषेबद्दल स्पष्टच लिहितो. घटनेचं कलम ३५०-क अल्पभाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याबद्दल बोलतं. मराठी शाळेत शिकलेला माणूस चाळिशीत पुन्हा शिकायला बसतो तेव्हाही तो आधी मराठीतच विचार करतो. त्याला कन्नड शिकायचं नाही असं मुळीच नाही, बाजारात आणि कारखान्यात तो ती बोलतोच. मात्र नवं यंत्र आणि नवी लिपी एकाच वेळी त्याच्यापुढे टाकली तर तो दोन्ही सोडून देईल, अशी मला भीती वाटते. ती खरी की खोटी, तेही संशोधनानंच ठरू द्या.

केंद्राच्या २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या 'उल्लास' कार्यक्रमात साक्षरतेबरोबर व्यावसायिक कौशल्य आणि निरंतर शिक्षण हे घटक आहेत, तेव्हा विषय सरकारला नवा नाही. निधी मात्र एका वर्षाचा नको. निदान पाच वर्षं तीच माणसं, तेच प्रश्न घेऊन काम व्हावं. अभ्यासात वेळ देणाऱ्या कामगाराला बुडालेल्या तासांची मजुरी मिळावी, आणि निष्कर्ष मराठी व कन्नडमध्ये कारखान्याच्या फलकावर लागावेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या विधिमंडळ इमारतीत, सुवर्णसौधला याल तेव्हा संध्याकाळी पाळी सुटताना एक तास उद्यमबागेला द्या. आम्ही काही कारखानदार, कामगार आणि प्रशिक्षक मागणीचा मसुदा तयार ठेवतो. हा निधी अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली बसेल, तेवढं आपल्या अधिकाऱ्यांना आधी बघून ठेवायला सांगा.

आपला,
उद्यमबागेतला एक प्रशिक्षक
बेळगाव