दुर्बीण क्ष-किरण सोडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत दीर्घिकासमूहांवर पानभर लेख आला. विषय निवडलात याबद्दल आभार, पण आत घोळ फार आहेत. नासाची चंद्रा दुर्बीण दूरच्या तारकागुच्छांवर क्ष-किरण सोडते, असे छापले आहे. किरण सोडते ते दवाखान्यातले यंत्र. चंद्रा फक्त आलेले किरण टिपते, आणि आपले वातावरण ते अडवते म्हणून तिला अवकाशात ठेवावे लागते. तारकागुच्छ म्हणजे कृत्तिका. तो आपल्याच आकाशगंगेतला. इथे आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिकांची गोष्ट चालली आहे.

लेखात समूहाला दिलेली केळीच्या घडाची उपमाही चुकली. घडाचे वजन केळ्यांत असते. इथे दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायूच सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतो. गुरुत्वाकर्षणाने आत ओढला जाताना तो कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण देतो. तरी विरळ इतका, की बऱ्याच भागात लिटरभर जागेत एखाद-दुसरा कण.

सगळ्यात वाईट म्हणजे, दूरचे समूह (त्यांचा उजेड पोचायला फार काळ लागतो, म्हणून ते पूर्वीचे दिसतात) अंधुक दिसतात, तेव्हा पूर्वी त्यांत वायू कमी होता, हा लेखातला निष्कर्ष. विश्व पसरल्याने दूरच्या उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप म्हणजे रेडशिफ्ट. ते १ असेल तर आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड १६ पट घटतो, २ असेल तर ८१ पट. वायू तसूभर कमी नसला तरीही. हा हिशेब आधी वळता केल्याशिवाय उत्क्रांतीबद्दल एक शब्द बोलता येत नाही. शिवाय समूहातल्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे वगळावी लागतात. चंद्राला अर्ध्या आर्कसेकंदापर्यंतचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारकावे दिसतात, म्हणून ते ठिपके वेगळे काढता येतात. नाहीतर त्यांचा उजेड वायूच्या खात्यात जमा होतो. एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदींत प्रोटॉनचे झोत घुसतात, तेवढा वेळ सरळ कापून टाकायचा. मग वर्णपटात, म्हणजे किरणांच्या ऊर्जेनुसार केलेल्या मांडणीत, वायूतल्या लोखंडाची रेषा शोधायची. मुळात ती ६.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेवर असते, रेडशिफ्ट १ ला ३.३५ वर सरकते. दूरच्या समूहाकडून किरण इतके थोडे येतात की पुष्कळदा ती सापडतच नाही.

खरी उत्क्रांती दिसते ती संख्येत. फार जड समूह पूर्वी विरळा होते. ते किती वेगाने वाढले यावरून कृष्णऊर्जेचा, म्हणजे विश्वाचे प्रसरण वेगवान करणाऱ्या अज्ञात ऊर्जेचा, अंदाज बांधतात. इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातल्या समूहांची यादी २०२४ मध्ये आली. आकाशाच्या जेमतेम एक तृतीयांश भागात १२,२४७ समूह! लेखात तिचा उल्लेखही नाही.

जाता जाता आणखी एक. जळगाव आवृत्तीत सूर्योदयाची वेळ मुंबईचीच छापता. रेखांशात २.७ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ ११ मिनिटे इथेच चुकतात. पुरवणीतल्या चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी आणि सूर्योदयाची वेळ उद्यापासून जळगावची द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जळगाव