या पावसाळ्यात इकडे या

लिस्बन,
२० जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "येतो गो, पण कधी ते तू ठरव." आणि आईनं लगेच डिसेंबर सुचवला, नाताळची रोषणाई बघायला मिळेल म्हणून. फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. आठ दिवस फिरायला यायचं असतं तर कुठलाही महिना चालला असता. तीन महिने राहायचं तर इथली हवा, तुमच्या दोघांच्या तब्येती आणि गोव्यातलं बांदोड्याचं घर, पोफळींचं कुळागर, गणपतीची चवथ या सगळ्याचा मेळ घालायला हवा. मला वाटतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघा आणि ऑगस्टच्या अखेरीस परत जा. का ते सविस्तर लिहिते. बाबांना कागदावर वाचलेलं जास्त पटतं, म्हणून दादाला हे छापून द्यायला सांगितलंय.

डिसेंबर नको, हे आधीच सांगते. आई, तू हिरमुसशील हे माहीत आहे. पण इथली थंडी आकड्यांत दिसते त्याहून जास्त बाधते. बर्फ पडत नाही, बाहेर दहा-बारा डिग्री असतं. मात्र बहुतेक जुन्या इमारतींत घर गरम ठेवायची सोयच नसते, आमच्याकडेही नाही. हिटर लावलेल्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात गेलं की फरशीचा गारठा तळपायांतून वर चढतो. पाऊसही याच दिवसांत. आत्ता मी लिहितेय तर खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं पाणी धरलंय आणि ईराचे शाळेचे मोजे तीन दिवस झाले तरी ओलसर आहेत. इथले फूटपाथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे, चालून चालून गुळगुळीत झालेले, आणि शहर सगळं टेकड्यांवरचं. पावसात तरुण माणसंसुद्धा भिंतीला धरून उतरतात. बाबांचा गुडघा घेऊन त्या उतारावर मी त्यांना पाऊल टाकू देणार नाही. शिवाय डिसेंबरात सव्वापाचला सूर्य मावळतो. आम्ही कामावरून येईपर्यंत तुम्ही दोघं दारं-खिडक्या लावून, शाली गुंडाळून बसलेले, हे मला नुसतं डोळ्यांसमोर आणवत नाही.

आणि त्या दिवसांत आपल्याकडे काय असतं! कवळ्याची जत्रा आता तीन दिवसांवर आली. मग माघी पौर्णिमेला मंगेशीची. हवा कोरडी, सकाळी अंगणात ऊन खात बसावं अशी. गोव्यातले सगळ्यांत चांगले महिने सोडून इथल्या सगळ्यांत वाईट महिन्यांत यायचं कशाला?

नुसती हवाच बघायची तर मे महिना उत्तम, हे मी कबूल करते. ऊन सोसवतं, पाऊस जवळजवळ संपलेला असतो, आणि महिन्याच्या शेवटी रस्तोरस्ती जॅकरांडाची झाडं जांभळी होतात. पण एप्रिल-मेमध्ये बाबांना कुळागर सोडवणार नाही. पोफळींना पाणी द्यायचं असतं, काजू गोळा करायचे असतात, पावसाआधी नळे परतून घ्यायचे असतात. आईचं पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, असते. आणि मानकुराद आंबे झाडावर ठेवून तुम्ही विमानात बसाल यावर माझा विश्वास नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरही इथे छान असतात, तेव्हाचं ऊन मला सगळ्यांत आवडतं. पण चवथ, मग देवळातला मखरोत्सव, मग दिवाळी. यातलं काही चुकवायला मी सांगणार नाही आणि तुम्ही ऐकणारही नाही.

राहिला पावसाळा, आणि यंदाचा पावसाळा त्यासाठी मुद्दाम जुळून आलाय. गेल्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आलीय. म्हणजे जूनच्या सुरुवातीला निघून पूर्ण मुक्काम केलात तरी चवथीआधी दोन आठवडे हाताशी राहतात. घर साफ करायला, रंगाचा हात फिरवायला, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान जमवायला तेवढे पुरतील. दरवर्षी हे असं जमणार नाही. पुढच्या वर्षी चवथ पुन्हा ४ सप्टेंबरला आहे, म्हणजे परतल्या परतल्या धावपळ.

आई, अधिक मासातच तू पोहोचशील, तेव्हा जावयाचं वाणही इथेच देता येईल. अनारशांचं पीठ आणलंस तरी पुरे, तळू इथे.

खरं कारण मात्र तुझी छाती आहे. जुलैत आपल्या घरातल्या भिंती पाझरायला लागल्या की तुझा दमा वर येतो, रात्री उशाशी दोन उश्या घेऊन बसून काढतेस, आणि फोनवर "बरी आहे" म्हणतेस. बाबांनी मला सगळं सांगितलंय. इथे जून ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ नसतोच. हवा कोरडी असते, कपडे दोन तासांत कडक वाळतात. इथे येऊन दमा जाईल असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनाच विचारू या. पण निदान एक पावसाळा ओल आणि बुरशी यांच्यापासून लांब राहशील.

उन्हाळ्याला इथेही एक वाईट बाजू आहे, तीही सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये मधूनच उष्णतेची लाट येते, पारा चाळिशीला टेकतो. आमच्याकडे एसी नाही. त्या दिवसांत इथली माणसं करतात तेच आपण करायचं: सकाळी नऊलाच खिडक्यांच्या बाहेरच्या झडपा खाली ओढून घर अंधारं करायचं आणि रात्री सगळं उघडून टाकायचं. रात्री बहुधा गार वारा सुटतो, चादर लागते. भीती वेगळीच आहे. आपल्याकडे घाम येतो म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथे घाम अंगावरच सुकतो आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं कळत नाही. बाबा, तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा की कडक उन्हाळ्यात डोस बदलायचा का. हे विसरू नका.

दिवस मात्र एवढे मोठे की सवय व्हायला वेळ लागेल. जूनमध्ये रात्री नऊला सूर्य मावळतो. आईची दिवेलागण जेवणानंतर येईल! जेवण झाल्यावरही उजेड असतो, उन्हाची तिरीप गेलेली असते, तेव्हा बाबांना घेऊन नदीकाठच्या सपाट रस्त्यावर रोज चालायचं मी ठरवूनच टाकलंय. तिथे चढ नाही, बसायला बाक आहेत.

तुम्ही आलात की आठवड्याभरात, १२ जूनच्या रात्री, इथला सांत अँटनीचा सण. जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली तारले मासे भाजतात, धूर घरात शिरतो. त्या सणाला एकमेकांना बारीक पानांच्या रोपाची कुंडी देतात. ते रोप आपल्या तुळशीच्याच कुळातलं आहे. त्याला थेट नाक लावायचं नाही असा इथला रिवाज: तळहात पानांवरून अलगद फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. ईरा दर वर्षी कुंडी आणते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तसं करून दाखवते. २४ जूनला आपल्याकडे सांजांवची, म्हणजे सेंट जॉनच्या सणाची, पोरं विहिरीत उड्या टाकतात, त्याच दिवशी उत्तरेला पोर्तू शहरात त्याच संताचा मोठा उत्सव असतो. गर्दी फार असते, म्हणून तिकडे नको, टीव्हीवर बघू. आणि बाबा, जून-जुलैत आपल्याकडे ट्रॉलरबंदी असते तेव्हा इथे तारले ऐन भरात, चरबीनं चमकणारे. अधिक मासात खात नसाल तर १६ जूनपासून सुरू करू, श्रावण लागायला १३ ऑगस्ट उजाडेल.

बाबांसाठी आणखी एक गोष्ट राखून ठेवलीय. १२ ऑगस्टला, ऐन दीप अमावास्येला, संध्याकाळी इथून सूर्यग्रहण दिसणार आहे. स्पेनच्या उत्तर भागात ते खग्रास आहे. लिस्बनमध्ये खंडग्रास, पण सूर्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग झाकला जाईल. गोव्यातून ते दिसणारच नाही. आईला ग्रहण पाळायचं तर तिनं आत बसावं, आपण दोघं नीट चष्मे घेऊन गच्चीवर जाऊ.

कुळागराची काळजी बाबांना सोडणार नाही, म्हणून धाकट्या काकांशी बोलले. पावसात पाणी द्यायचं काम नाही. पोफळींवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी मेअखेरीस तुमच्या देखरेखीखाली होईल. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, जुलैच्या मध्याला, ती काका करून घेतील. झाडावर चढणाऱ्या पाडेलीला तेच सांगतील. घर मात्र तीन महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा, ऊन पडेल त्या दिवशी, कुणीतरी दारं-खिडक्या उघडायला हवीत, नाहीतर बाबांच्या पोथ्यांना आणि पेटीच्या भात्याला बुरशी धरेल. पोथ्या निघण्याआधी दादाकडेच नेऊन ठेवा.

ईराला सांभाळायला बोलावतेय असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. तिची शाळा जूनच्या मध्याला सुटते आणि सप्टेंबरच्या मध्याला भरते. सुट्टीतल्या शिबिरात तिचं नाव मी घालणारच आहे. पण दुपारी घरी आली की आजी-आजोबा असावेत एवढं मला हवंय. ती मराठी समजते, उत्तर मात्र पोर्तुगीजमध्ये देते. तीन महिने तुमच्याबरोबर राहिली तर बोलायला लागेल. आणि मलाही तुम्ही हवे आहात, हे फोनवर बोलायला गेले की गळा दाटतो म्हणून इथे लिहिते.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यात उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. ५ जूनला उतरून ३१ ऑगस्टला निघालात तर ८८ होतात. दोन दिवस हाताशी ठेवलेले बरे, विमान रद्द झालं तर पंचाईत नको. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आपली वेळ सुरू झालेलीच आहे. उन्हाळ्याची गर्दी व्हायच्या आत, फेब्रुवारीतच करू. फी माणशी ९० युरो. आरोग्यविमा निदान ३०,००० युरोंचा लागतो, पण जुन्या आजारांना लागू होणारा घ्यायचा, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल. तो मी भरणार, यावर वाद नको. माझं हमीपत्र आणि आमच्या घराचे कागद पुढच्या आठवड्यात पाठवते. या दिवसांत तिकीट महाग असतं हे खरं. पण व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढायचं नाही. आखाती देशात एकदा विमान बदलावं लागेल, त्यासाठी तिकीट काढतानाच दोघांना व्हीलचेअर मागून ठेवू. बाबा, नको म्हणू नका. ती टर्मिनलं फार लांबलचक आहेत, आणि इथे उतरल्यावर बोटांचे ठसे नि फोटो द्यायच्या रांगेत उभं राहावं लागतं.

औषधं पूर्ण तीन महिन्यांची आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कंपनीचं नाव इथल्या औषधवाल्याला कळत नाही. ती हातातल्या बॅगेत ठेवा. कपडे सुतीच, पण प्रत्येकी एक स्वेटर हवाच, समुद्राकडून संध्याकाळी वारा येतो.

आधी एक करा. दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने तरी मुदत शिल्लक हवी, म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या अखेरपर्यंत. आईचा संपत आला असेल असं मला वाटतंय. तसं असेल तर तो आधी नवा करायला टाकू, बाकी सगळं त्यानंतर. जत्रा आटोपली की दोन्ही पासपोर्टांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाकडून मला पाठवा.

ईराचा आणि मंदारचा नमस्कार.

तुमची,
मेधा