वरचा हॉल आणि रविवारचा सिनेमा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, विद्यापीठातल्या लेकरांच्या सिनेमासाठी वरचा हॉल देतो म्हणालात, फार बरं वाटलं. गे, लेस्बियन, ट्रान्स विद्यार्थी आणि त्यांची मित्रमंडळी, अशी वीसेक जण येतील. वसतिगृहात चौघांत एक खोली, घरी गेलं की लग्नाचा विषय. मोकळं बसायला त्यांना जागाच नसते. फोनवर सगळं सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते.

‘फिल्म नाइट’ म्हणतात खरं, पण रात्री ठेवू नका. रविवारी साडेचारला चहा, पाचला सिनेमा, साडेसातपर्यंत सगळे खाली. मुलींच्या वसतिगृहात परतायची वेळ ठरलेली असते. उशीर झाला की कारण विचारतात, आणि नेमकं तेच सांगणं अवघड असतं. पैठण, कन्नडकडून येणाऱ्यांना शेवटची एसटी असते. वेळ ठरवण्याआधी ह्या दोन्ही गोष्टी विचारून घ्या. परीक्षेचे दिवस टाळा, आणि १४ जानेवारीही. नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवर एवढी गर्दी असते की बेगमपुऱ्यात रिक्षा शिरत नाही.

पत्ता पत्रकावर छापायचा नाही. तिथे फक्त ‘सिनेमा आणि गप्पा’, तारीख आणि नाव कळवायला एक नंबर. येणार म्हणून कळवलेल्यांनाच त्या दिवशी सकाळी निरोप जाईल: मकई दरवाज्यापाशी या. तिथे दोन विद्यार्थी थांबतील आणि तिघा-चौघांना मिळून घरी आणतील. सगळे एकदम जिन्यावर आले की शेजारी बघतात. आणि एकटं येणारं पोरगं दारापर्यंत येऊन परत फिरतं. हे दुसरं फार वेळा होतं. म्हणून न्यायला माणूस हवाच. येणारा १८ वर्षांच्या वरचा आहे एवढं मुलं बघतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्हा दोघांना जड जाईल. आपल्याकडे नवं माणूस आलं की पहिलं विचारतो, “कुण्या गावचा रे? आडनाव काय? कोणाचा तू?” मायेनंच विचारतो. पण गाव आणि आडनाव कळलं की घर कळतं, जात कळते, आणि बीड-परभणीत कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. मग सोमवारी त्याच्या वडिलांना फोन जाऊ शकतो. म्हणून गाव नाही, आडनाव नाही, लग्नाचं नाही. ते सांगेल त्या नावानं हाक मारायची. दाढी असलेल्या मुलानं मुलीचं नाव सांगितलं तर तेच नाव, आणि ‘ती आली’ असंच म्हणायचं. चुकलं तर ‘चुकलं’ म्हणून पुढे चला. पुन्हा पुन्हा माफी मागितली की समोरचंच अवघडतं. सह्यांची वही ठेवू नका. फोटो तर नाहीच, पाठमोरा सुद्धा. शर्टावरून माणूस ओळखू येतो आणि व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही.

सिनेमाचं. ‘साबर बोंडं’ मुलांच्या मनात आहे. बापाच्या दहाव्यापर्यंत गावी राहिलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, असा रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला मोठं पारितोषिक मिळालं. गाव, सुतक, नातलग हे सगळं आपलंच असल्यानं गप्पा आपोआप सुरू होतात. ‘अलीगढ’ चांगला आहे, पण पहिल्या दिवशी नको. निलंबित झालेल्या मराठीच्या प्राध्यापकाची ती खरी हकिगत आहे, शेवट मृत्यूनं होतो, आणि त्यानंतर एखादं लेकरू एकटं खोलीवर जाणार. मोठ्या सिनेमाऐवजी वीस-वीस मिनिटांचे तीन लघुपट घेतले तरी उत्तम. परवानगी मात्र लेखी हवी. ओटीटीचं सदस्यत्व घरच्यापुरतं असतं, कार्यक्रमासाठी चालत नाही. लघुपटवाले बऱ्याचदा एका ईमेलवर हो म्हणतात. शिवाय ओटीटीवरचं मोबाइलमधून प्रोजेक्टरवर टाकलं की अनेकदा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. नक्कल होऊ नये म्हणून कंपन्यांनीच ती सोय केलेली असते. मुलांनी फाइल पेनड्राइव्हवर आणावी आणि शनिवारी पहिली पाच मिनिटं लावून बघावी.

चादर बांधू नका, सुरकुत्या पडतात आणि उजेड आरपार जातो. पूर्वेची भिंत पांढरीच आहे. सहा फूट रुंद चित्राला प्रोजेक्टर साधारण नऊ ते बारा फुटांवर लागतो. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन फूट वर घ्या, नाहीतर सतरंजीवर बसलेल्यांच्या डोक्यांमागे सबटायटल जातात. स्पीकर वायरनं जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा. एकदा का कुणाचा मेसेज नावासकट भिंतीवर झळकला, की ते नाव वीस जणांनी वाचलेलं असतं. उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो, पश्चिमेच्या खिडकीला घोंगडी लावा. लाइट गेली तर प्रोजेक्टर आणि एक पंखा इन्व्हर्टरवर दोन तास सहज चालतो, पण आपली बॅटरी जुनी आहे, पाणी बघून घ्या.

आई, खायला सुशीला कर, एक किलो मुरमुरे पुरतील. ते भिजवून लगेच पिळ आणि चारनंतरच फोडणीला टाक, आधी केलं की गोळा होतो. चहाच्या दोन फेऱ्यांना दोन लिटर दूध. खाणं सिनेमाच्या आधीच. दोन खुर्च्या दाराशी ठेवा, मधेच उठणाऱ्याला सगळ्यांसमोरून जावं लागू नये. वरच्या संडासाची कडी ढिली आहे, ती आधी बदला. ट्रान्स मुलं बाहेर दिवसभर लघवी रोखून धरतात. इथे तरी तसं नको.

नंतरच्या गप्पा मुलंच चालवतील, अर्धा तास. ‘तू कोण?’ हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही. गप्प बसलेल्याला बोलतं करू नका. कुणाला रडू आलं तर एकानंच गच्चीवर सोबत बसावं. ‘टेलिमानस’ या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दाराजवळ लिहून ठेवा, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो.

शेजारी विचारतीलच. ‘विद्यापीठाच्या मुलांचा सिनेमा आहे’ म्हणा, ते खरंच आहे. आई, ‘हा गुन्हा तर नाही ना’ या तुझ्या भीतीबद्दल: सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं संमतीचं नातं वगळलं. घरात बसून सिनेमा बघण्यात गुन्हा काहीच नाही. तरी ज्यांना कुणाच्या घरी यायचीच भीती वाटते, त्यांच्यासाठी मुलं एखाद्या सकाळी औरंगाबाद लेण्यांकडे चालत जाणार आहेत. तिथे विद्यार्थ्यांचा घोळका दिसला तर कुणी वळून बघत नाही.

कडी बसवली की कळवा, आणि प्रोजेक्टरपासून भिंतीचं अंतर टेपनं मोजून पाठवा.

तुमची लेक