खांड (भगदाड) पडण्याआधी बांध उंच करू या : धरमतर खाडीकाठच्या खारबंदिस्तीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठी आमचे गाव आहे. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला आमची भातशेती, जिताडा माशांचे तलाव, विहिरी, घरे. या दोहोंच्या मध्ये आहे तो फक्त मातीचा बांध, म्हणजेच खारबंदिस्ती. उधाणाच्या भरतीला बांधाबाहेरचे पाणी आतल्या शेतांपेक्षा उंच चढते. या बांधाची उंची वाढवावी, त्याचा पाय रुंद करावा आणि नादुरुस्त उघाड्या (पाणी बाहेर सोडायची झडपांची दारे) नव्याने बसवाव्यात असे गावाने एकमताने ठरवले आहे. त्यासाठी पैसा, यंत्रे, दगड आणि माणसांचे हात हवे आहेत. ते मागण्यासाठी हे आवाहन.

खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आंबा नदी सह्याद्रीतून उतरते आणि पाली, नागोठण्यावरून येत धरमतर खाडीला मिळते. म्हणजे आमच्या बांधावर दोन पाण्यांचा भार असतो : वरून पुराचे पाणी आणि खालून भरतीचे. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या पुराने जांभूळपाड्यात आणि नागोठण्यात केलेला हाहाकार जुन्या माणसांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. पूर आणि उधाण एकाच वेळी आले की नदीला खाडीत रिकामे व्हायला वाट मिळत नाही. पाणी तुंबते आणि बांधाच्या माथ्याला टेकते. मोठ्या भरत्या पावसाळ्यातही येतात, हे मुंबई बंदराचा भरतीचा तक्ता पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एकाच दिवशी येऊ शकतात.

बांध एका रात्रीत फुटला असे आपण म्हणतो, पण तो फुटायला आधीपासून लागलेला असतो. चिंबोरी बांधात बीळ करते. उंदीर आणि घुशीही करतात. उन्हाळ्यात चिकण माती तडकते आणि भेगा आत खोलवर जातात. खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटा बांधाचा पाय रोज थोडा थोडा खातात. मग अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला एखाद्या बिळातून पाण्याची बोटभर धार आत लागते. धार गढूळ असेल तर समजावे, बांध आतून वाहून चालला आहे. ती धार हाताशी असताना बुजवली नाही तर वरची माती खचते, पाणी माथ्यावरून घुसते आणि खांड पडते. पुढची प्रत्येक भरती आणि प्रत्येक ओहोटी ती खांड रुंद करत जाते, कारण आत शिरलेले पाणी परत जाताना तेवढ्याच जोराने कडा ओरबाडते.

आमच्याकडे खांडी पडल्या, आम्ही त्या बुजवल्या, पुन्हा दुसरीकडे पडल्या. पेंढा, बांबू, रेतीच्या गोण्या, मिळेल ती माती टाकून भर पावसात केलेले ते काम टिकत नाही. ओली माती दबत नाही आणि जोडाच्या जागी पाणी वाट काढते. शिवाय खांड बुजली तरी खारे पाणी आपले काम करून गेलेले असते. एकदा शेतात खार शिरला की पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर रोप लावले तर पिवळे पडते, तगले तर लोंबी पोचट निघते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले खार सोसणारे भाताचे वाण आम्ही लावतो आणि त्यांचा आधारही होतो, पण भरतीचे पाणी दिवसातून दोनदा ज्या शेतात ये-जा करते तिथे कोणतेही वाण टिकत नाही.

याहून मोठी भीती वेगळीच आहे. खांड बरीच वर्षे उघडी राहिली तर शेतात तिवरांचे (खारफुटीचे) रान उभे राहते. तिवरे तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण मग ती जमीन सातबाऱ्यावर आमची असली तरी पुन्हा शेती म्हणून उभी करता येत नाही. खारेपाटात आणि पेणकडे अशी शेते डोळ्यांदेखत गेली आहेत. पीक बुडाले तर पुढच्या वर्षीची आशा धरता येते. इथे जमीनच हातची जाते. म्हणून खांड पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती पडण्याआधी बांध भक्कम करणे, एवढाच आमचा आग्रह आहे.

ही जमीन आमच्या आजोबा-पणजोबांनी सहजी मिळवलेली नाही. मुळात ही खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी चढणारी दलदल होती. पिढ्यान्‌पिढ्या चिखल उपसून, बांध घालून त्यांची शेते झाली. आणि त्या शेतांवरचा कुळांचा हक्क मिळवण्यासाठी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप झाला. पंचवीस गावांतल्या माणसांनी शेते ओसाड ठेवली, करवंदे आणि लाकडे विकून पोट भरले, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. त्या माणसांनी सावकार-खोतांकडून राखलेली जमीन आपण चिंबोरीच्या बिळापायी घालवावी, हे मनाला पटत नाही.

पूर्वी बांध राखण्यासाठी जोळ असे. भातकापणी आटोपली की घरटी एक माणूस बांधावर येई. चिखलाचे चिरे कापून हातोहात पुढे दिले जात आणि बांधाची डागडुजी होई. १९४८ मध्ये मुंबई प्रांताने खारभूमीचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला आणि अनेक बांध सरकारी योजनेत गेले. त्यातून मोठी कामे झाली. पण त्याच काळात जोळही सुटत गेली. तरुण पोरे कंपन्यांत, मुंबईत, पनवेलला गेली आणि बांधावर रोज चालत फेरी मारणारा माणूस राहिला नाही. सरकारदरबारी आमचा पाठपुरावा चालू आहे आणि राहील. मात्र मंजुरीची वाट पाहत आणखी एक पावसाळा काढावा अशी बांधाची अवस्था नाही.

काम नेमके काय करायचे, ते जाणकार अभियंत्यांशी बोलून ठरवले आहे. बांधाचा गाभा खाडीच्या चिकण मातीचाच राहील. मुरूम स्वस्त आणि झटपट मिळतो, पण त्यातून पाणी झिरपते, म्हणून तो फक्त माथ्यावर, ट्रॅक्टर चालण्यापुरता. मातीचा ढीग ओतून वर पोकलेनचे बकेट आपटायचे, असे काम आम्हाला नको. पातळ थर द्यायचा, गरजेपुरते पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मगच पुढचा थर. जुना बांध आणि नवी माती यांचा जोड सुटू नये म्हणून जुन्या उतारावर आधी पायऱ्या कापायच्या. खाडीच्या बाजूचा उतार जास्त पसरट ठेवायचा आणि पायाला दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करायचे. आतल्या उतारावर गवत लावायचे, म्हणजे उन्हात माती तडकणार नाही. माती बांधाच्या अगदी पायथ्याशी खणायची नाही, नाहीतर बांध त्याच खड्ड्यात बसतो. बाहेरच्या तिवरांच्या एकाही झाडाला हात लावायचा नाही. बांधावर येणाऱ्या लाटेचा जोर तीच झाडे मोडतात. लागतील त्या परवानग्या घेऊनच काम होईल.

उघाड्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण बांध उंच झाला आणि उघाडी बिघडलेली राहिली तर घात होतो. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरच्या दाबाने तीच झडप बंद होते. झडपेत दगड किंवा लाकडाचा तुकडा अडकला, बिजागरी गंजली किंवा मासे आत यावेत म्हणून कोणी काठी अडकवून ठेवली, तर खार थेट शेतात येतो. आणि उघाडी अरुंद असेल तर बांध शाबूत असूनही पावसाच्या पाण्याने आवण (भाताची रोपे) कुजतो. म्हणून जुन्या उघाड्या रुंद करून नव्या झडपा बसवायच्या आहेत. मासेमारी करणाऱ्या आमच्या भावांशी बसून, त्यांचेही नुकसान होणार नाही असे झडपेचे वेळापत्रक ठरवले आहे. त्यांनी फार समजुतीने साथ दिली, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

हे सगळे वैशाखाच्या आत संपायला हवे. माती पावसाआधी बसली पाहिजे.

तुमच्याकडून काय हवे? ज्यांना रोख मदत करणे शक्य आहे त्यांनी ती गावच्या खारबंदिस्ती समितीच्या बँक खात्यातच जमा करावी. कोणाच्याही हातात रोकड देऊ नये, मग मागणारा आमच्यातलाच का असेना. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. जमा-खर्च दर महिन्याला गावच्या देवळासमोरच्या फलकावर लागतो आणि बिले कोणीही पाहू शकतो. पैसे उरले तर ते पुढच्या वर्षीच्या डागडुजीसाठी राहतील, दुसऱ्या कशावरही खर्च होणार नाहीत. पंचक्रोशीत ज्यांची पोकलेन, डंपर, रोलर, पाण्याचे टँकर आहेत त्यांनी भाडे न घेता किंवा फक्त डिझेलवर काही दिवस यंत्र दिले तर खर्चाचा मोठा भाग वाचेल. खाणवाल्यांकडे पिचिंगचा दगड मागतो आहोत. बांधाची लेव्हल घेणारे, माती तपासणारे कोणी अभियंते किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी येऊ शकले तर त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावात होईल.

आणि मुंबई, ठाणे, पनवेलला स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनो, तुम्हाला वेगळे मागणे आहे. पालखीला येता, सणाला येता, तसे एकदा जोळीला या. माघ, फाल्गुन आणि चैत्रातल्या दोन्ही अष्टम्यांना जोळ ठेवली आहे. तिथी मुद्दाम निवडली आहे. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही, आणि भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे भर दुपारी ओहोटी असते आणि बांधाचा पाय उघडा मिळतो. सकाळी नऊला बांधावर जमायचे, ओहोटी संपेपर्यंत काम करायचे. बायका, म्हातारी माणसे, शाळकरी मुले, सगळ्यांना जमेल असे काम आहे : बिळे शोधून खुणेची काठी रोवणे, गवताचे ठोंब लावणे, पाणी देणे. घमेले आणि फावडे घरचे आणलेत तर बरे. जुने बूट आणा, कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. दुपारचे जेवण गावात आहे, भाकरी आणि सुकटीचे कालवण.

खाते क्रमांक, कामाचे अंदाजपत्रक आणि समितीच्या सदस्यांचे फोन देवळासमोरच्या फलकावर आहेत. ज्यांच्याकडून हे पत्र तुमच्यापर्यंत आले त्यांच्याकडेही विचारा. मदत पाठवायची असेल तर होळीपर्यंत पाठवा, म्हणजे दगड आणि झडपांची मागणी वेळेवर नोंदवता येईल.

आपले नम्र,
खारबंदिस्ती समिती आणि समस्त ग्रामस्थ