फेटे नकोत, बिलांचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आमच्या मार्केटिंग-पीआरवाल्यांच्या असोसिएशनच्या अवॉर्ड नाइटचा फोटो छापलात, त्यात मागच्या रांगेत फेटा घालून उभा आहे तो मीच. फेटा भाड्याचा होता, त्याचे पैसे मात्र त्यांनी तिथल्या तिथे घेतले, उधारी नाही!

मी इंदूरला चौदा वर्षं जाहिरातीचं काम करतोय, कॉपी मी लिहितो, डिझाइन बायको बघते. सप्टेंबरमध्ये एका नमकीनवाल्याचा दिवाळीचा डबा केला, ४६ हजारांचं बिल, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८,२८० रुपये, तो मी ऑक्टोबरातच पदरचा भरला. भाऊबीजेला शेजारच्या वहिनी नेमका तोच डबा घेऊन आल्या, झाकणावर माझीच ओळ, आत लौंग सेव. आता फेब्रुवारी आहे आणि अकाउंटंट अजून म्हणतोय, 'भिया, सेठ बाहर गए हैं'.

कायदा नाही असं नाही हो. २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा, सांगतो की उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. एप्रिल २०२४ पासून तर मुदत टळली आणि ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत तर सेठला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवताच येत नाही, म्हणजे आत्ता मार्चच्या तोंडावर एक पत्र गेलं तर निम्मं काम होईल. नोंदणी फुकट आहे, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण करणार कोण? इंदूर नावाला मोठं, सगळे सेठ संध्याकाळी एकाच क्लबात, एकाची तक्रार केली की दुसऱ्या दिवशी तीन जण फोन उचलायचे बंद. म्हणून ते पत्र माझ्या नावाने नको, असोसिएशनच्या लेटरहेडवर जायला हवं, त्यासाठीच तर असोसिएशन असते ना? आपली मात्र २१ एप्रिलला जनसंपर्क दिनाचा दिवा लावते, एखाद्या साहेबांचं 'ब्रँडिंगचं भविष्य' ऐकवते, मग जेवण. (जेवण चांगलं असतं, खोटं कशाला बोलू.)

नव्या मेंबरांना तर उद्यम नोंदणी म्हणजे काय तेच माहीत नाही, एक रविवार पोहे-जिलबीवर एखाद्या सीएला बोलावून सगळ्यांची करून घेतली तरी चालेल.

पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे, मतांसाठी फोन सुरू झालेत. मी प्रत्येकाला एवढंच विचारतो, माझ्या डब्याच्या बिलासाठी पत्र द्याल का? आत्तापर्यंत चौघांचे फोन आले, त्यातला एक 'बघतो' म्हणालाय, बाकीच्यांना नेमका तेव्हाच दुसरा कॉल आला.

आपला,
एक सभासद, इंदूर